आक्का, गगनबावड्याच्या प्लेटा उतरवल्या

आक्का,

गगनबावड्याच्या प्लेटा उतरवल्या. ठरल्या दिवशीच उतरवल्या. तुझा दहावासुद्धा व्हायचा होता, आणि सुतकात गाडी काढून घाटमाथ्यावर जायचं कसं म्हणून मी सोप्यात बसून होतो. आई आतनं आली. "सुतक माणसाला असतंय," म्हणाली, "तिच्या त्या पत्र्यांस्नी न्हाय. तारीख चुकली तर तिला काय सांगणार हाईस? ऊठ." सांगायला तू नव्हतीस हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण आईचा आवाज तुला माहीत आहे. मी उठलो.

तुझ्याबद्दल पेपरात छापून आलं. त्यात तुझ्या पदव्या होत्या, कॉलेज होतं, किती मुलं घडवलीस वगैरे होतं. सगळं खरं असेल. पण ते वाचून तू काही माझ्या डोळ्यांपुढे आली नाहीस. तू येतेस ती गगनबावड्याच्या एसटीत, खिडकीशेजारी, मांडीवर स्टीलचा डबा घेऊन बसलेली. डब्यात भाकरी नाही, तर पांढऱ्या कागदात एकेक करून गुंडाळलेल्या मॅग्नेशियमच्या प्लेटा. मी डबा धरायला हात पुढे केला की तू चापट मारायचीस. "हात लावू नको. तुझ्या घामात मीठ हाय." जणू तुझ्या घामात साखर होती! एकदा कंडक्टरनं न राहवून विचारलं, "बाई, काय हाय त्यात, एवढं जपताय ते?" तू तिकीट घेत म्हणालीस, "पावणं हाईत. हवा खायला निघाल्यात." तो बिचारा पुढच्या थांब्यापर्यंत डब्याकडं बघत होता.

हे वाचणाऱ्याला कळावं म्हणून थोडं सांगतो, तू कंटाळू नकोस. एमआयडीसीतल्या माझ्या कारखान्यात मी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं कास्टिंग करतो. खांद्याला अडकवून गवत कापायचं मशीन असतं, त्याच्या इंजिनाची कव्हरं. ॲल्युमिनियमपेक्षाही हलकी. दिवसभर बांधाबांधानं ते मशीन वागवणाऱ्या माणसाला ह्या हलकेपणाची किंमत कळते. पण मॅग्नेशियम म्हटलं की गिऱ्हाईक मागं सरतं. एक तर हे पेटतं अशी भीती, आणि दुसरं म्हणजे हवेनं खराब होतं. लोखंड गंजलं की तांबूस होतं. हे पांढरं पडतं, आपण लहानपणी दात घासायची पावडर अंगावर सांडून घ्यायचो तसं. कंपन्या त्याची परीक्षा मिठाच्या पेटीत घेतात. बंद पेटी आणि आत अहोरात्र खाऱ्या पाण्याचा फवारा. माझी कव्हरं त्या पेटीतून बाहेर आली तेव्हा मलाच ओळखू येईनात. पुण्याच्या गिऱ्हाइकानं ती सगळी परत पाठवली.

ती पिशवी मी तुझ्यापुढं आणून आपटली होती. तू एक कव्हर खिडकीजवळ नेऊन उलटसुलट बघितलंस आणि म्हणालीस, "ह्येनं काय सिद्ध झालं? मिठाच्या पेटीत कोण गवत कापतंय?"

तुझं म्हणणं साधं होतं. मोकळ्या हवेत ह्या धातूवर जो पांढुरका थर चढतो, त्याला हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळाला की तो घट्ट होतो आणि आतल्या धातूला राखतो. पाऊस येतो, जातो, मधे ऊन पडतं, थराला सावरायला सवड मिळते. पेटीत ती सवडच नाही. "मग हवेलाच विचारू की," म्हणालीस. हवेला विचारायचं म्हणजे प्लेटा उघड्यावर टांगायच्या आणि पावसाळ्यांमागून पावसाळे वाट बघायची. काही प्लेटा शिवाजी पेठेत आपल्या गच्चीवर, काही गगनबावड्याला, जिथं पावसाळ्यात धुकं न विचारता घरात येऊन बसतं. प्लेटा मीच ओतून दिल्या. लोखंडाला टेकलं की मॅग्नेशियम झपाट्यानं झिजतं, म्हणून चौकटीत अडकवायला तू जुन्या लाईट फिटिंगचे चिनी मातीचे गट्टू शोधत अख्खी पेठ पालथी घातलीस. रंगानं नंबर घालायचे नाहीत, म्हणून कोपऱ्यांत भोकं पाडून प्रत्येकीची ओळख ठेवलीस. पेठेतली पोरं तुला "गंजाच्या बाई" म्हणायची. त्यांचा फुटबॉल गच्चीवर आला की तू आधी सगळ्या प्लेटा तपासायचीस आणि मगच बॉल खाली टाकायचीस. तोवर खाली मॅच थांबलेली, आणि दोन्ही टीम मिळून तुझ्या नावानं शंख करत असायच्या.

गगनबावड्याची चौकट तिथल्या ओळखीच्या सावंत मावशींच्या परसात होती. मावशींचं माहेर हुपरीचं. चांदीच्या कामात वाढलेली बाई, पैंजण असो की पातेलं, मळकं दिसलं की त्यांचे हात शिवशिवायचे. चौकट उभी करताना त्यांनी विचारलं, "बाई, ह्येला काय म्हनायचं?" गंज, थर, कार्बन हे सगळं सांगत बसण्यापेक्षा तू सोपं करून सांगितलंस, "मावशी, हे आमचं हत्यार. शेतकऱ्याला नांगर तसं आम्हाला हे. सांभाळा." मावशींनी मान डोलावली, आणि खरोखर मनापासून सांभाळलं.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. माझ्या कारखान्यात त्या दिवशी मशीनला झेंडूची माळ घातली होती, तरी नाही आलं.

दसरा झाल्यावर आपण प्लेटा आणायला गेलो. परसात पाऊल टाकलंस आणि जागीच थांबलीस. प्लेटा लखलखत होत्या. एकेक काढून, चिंच आणि राख लावून घासून, धुऊन, पुसून, पुन्हा जागच्या जागी बसवलेल्या. प्रत्येकीवर हळदीकुंकवाची बोटं. चौकटीला वाळलेली माळ. मावशी पदराला हात पुसत आल्या. "बघा की बाई, कशा झाल्यात! केवढी घान साठलीती. चिंच लावली की नुस्ता फसाफसा फेस यायचा. म्हटलं, बाईंचं हत्यार असं मळकं ठेवून पूजा कशी करायची?"

तो फेस घाणीचा नव्हता. चिंचेच्या आंबटात धातूच विरघळत होता. इतक्या पावसांनी जमवलेला थर मोरीतनं वाहून गेला होता, आणि त्याबरोबर खालचा धातूही. आता वजन करून काय कळणार होतं? मी तोंड उघडणार तेवढ्यात तू माझ्या दंडाला चिमटा काढलास. "लई छान दिसत्यात मावशी," म्हणालीस. चहा प्यालीस. प्रसादाचा नारळ ओटीत घेतलास. आणि निघताना, अगदी सहज, म्हणालीस, "पुढच्या खेपेपास्नं पूजा लांबनंच करा हं. आमचं हत्यार सोवळ्यातलं असतंय. हात लागलेला चालत न्हाय." मावशींनी जीभ चावली. "आधी सांगायचं न्हाई व्हय!" म्हणाल्या.

गाडीत तू कळे गाव येईपर्यंत नारळ मांडीवर धरून खिडकीबाहेर बघत होतीस. मग एकदम हसायला लागलीस. "फसाफसा फेस," म्हणायचीस आणि पुन्हा हसायचीस, डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत. त्यातलं किती पाणी हसण्याचं होतं हे मी विचारलं नाही.

खरं भांडण घरी झालं. पुण्याच्या गिऱ्हाइकाला मी मोठ्या मुश्किलीनं थांबवून धरलं होतं. घाटमाथ्यावरचे आकडे दाखवा, मग कव्हरांचा पुन्हा विचार करू, असं ते म्हणाले होते. आणि तू म्हणत होतीस, आकडे नाहीत. मी म्हणालो, आधीच्या पावसाळ्याच्या प्लेटांचे आहेत, गच्चीवरचे आहेत, त्यावरून ह्यांचा अंदाज बांध आणि लिहून टाक. तुझा अंदाज चुकायचा नाही. कोण जातंय गगनबावड्याला बघायला? तू पावटे सोलत होतीस. वर न बघता म्हणालीस, "मावशीनं प्रेमानं घासल्या. तू मुद्दाम घासाय निघालायस."

मी चपला घालून बाहेर पडलो. गिऱ्हाईक गेलं. मॅग्नेशियमच्या मशीनवर मी ताडपत्री घातली. भाऊबीजेला तोंड फुगवूनच पाटावर बसलो. तू निरांजन फिरवता फिरवता म्हणालीस, "तोंड सरळ कर, न्हायतर ह्या वाकड्या तोंडालाच शंभर वर्सं मागीन." आई पलीकडे पदर तोंडाला लावून हसत होती. मी काही हसलो नाही. तुझं बरोबर आहे हे मला तेव्हाही कळत होतं, आणि म्हणूनच राग जास्त येत होता.

तुला नव्या प्लेटा हव्या होत्या. पण मागशील तर शपथ! शेवटी मीच एक दिवस ताडपत्री काढली, प्लेटा ओतल्या आणि डब्यात घालून तुझ्या टेबलावर आणून ठेवल्या. हातमोजे घालून, तुला दिसतील असे. "मीठ न्हाय," म्हणालो. "बघू," म्हणालीस. एवढ्यावर आपलं मिटलं. माफी वगैरे आपल्या घरात कोणी मागत नाही.

तोवर झालेल्या कामाचा तू लेख लिहिलास. त्यात सरळ लिहिलंस, की एका ठिकाणच्या प्लेटा पूजेसाठी घासल्या गेल्यामुळे बाद केल्या आहेत. लेख तपासणाऱ्या परदेशातल्या कुणीतरी विचारलं, पूजा म्हणजे नेमकी कोणती प्रक्रिया? तू त्याला खंडेनवमी समजावून सांगणारा पानभर मजकूर पाठवलास, चिंचेसकट, चिंचेतल्या आम्लाच्या नावासकट. मित्रांत मी हे सांगतो तेव्हा सगळे पोट धरून हसतात. मीही हसतो. पण आक्का, आज सांगतो, तुझ्या सगळ्या पदव्या एकीकडं आणि ते पान एकीकडं. आपलं हातचं काम बुडालं हे स्वतः होऊन जगाला सांगायला छाती लागते. ती आपल्या घरात तुझ्याकडं होती, आणि मला तिचा फार अभिमान आहे. तोंडावर कधी बोललो नाही. बोललो असतो तर कपाळाला हात लावून बघितलं असतंस, ताप आलाय का म्हणून.

दुसऱ्या खेपेचा वाद वेगळा होता, आणि तो अर्धाच राहिला. नव्या प्लेटा मावशींच्या परसात तिरक्या टांगताना तू म्हणालीस, आभाळाकडची बाजू जास्त झिजेल. एवढ्या पावसात वरचा थर पुन्हा पुन्हा धुऊन जाणार, खालची बाजू झाकलेली, ती राखली जाणार. गच्चीवरच्या प्लेटांचं तसंच झालं होतं. मी म्हणालो, खालची झिजेल. "का?" म्हणालीस. म्हणालो, तिथं धुक्याचं पाणी चिकटून राहणार, ऊन लागणार नाही, मग वाळणार कधी? खरं सांगू? मी काही अभ्यास करून बोललो नव्हतो. तू वरची म्हणालीस म्हणून मी खालची म्हणालो, आणि कारण मागनं जुळवलं. पण एकदा बोलल्यावर माघार कोण घेणार? जेवताना तोच वाद, गाडीत तोच, पाहुण्यांसमोर तोच. आई म्हणायची, एकदाच्या त्या मोडून टाका आणि गप्प बसा दोघं.

दवाखान्यातसुद्धा तेच. शेवटी शेवटी तुला बोलताना धाप लागायची, तेव्हा मी नुसता तळहात पालथा करून दाखवायचो, म्हणजे खालची. तू तुझा तळहात वर करायचीस. नर्सला वाटायचं तुला काहीतरी हवंय, ती पाणी घेऊन यायची. त्या दिवसांत मला तुझ्याशी किती बोलायचं होतं! माझ्या शिक्षणासाठी तू काय काय सोडलंस, हे मला माहीत आहे, एवढं तरी सांगायचं होतं. सांगितलं काय, तर हात पालथा करून "खालची".

तर आम्ही गेलो. मी आणि शबाना, तुझ्या हाताखाली पीएचडी करणारी तुझी शेवटची विद्यार्थिनी. मावशींना तुझं कळलं नव्हतं. दारात येऊन माझ्या खांद्यावरून मागं बघत म्हणाल्या, "बाई न्हाय आल्या?" सांगितल्यावर उंबऱ्यावरच बसल्या. मग म्हणाल्या, "मी एक बोट लावलं न्हाय ओ. पावसात वेल चढलाता चौकटीवर, त्यो बी काठीनं काढला." दर खंडेनवमीला त्या चौकटीपासून लांब एक दगड मांडून त्याची पूजा करत होत्या. दगड तिथंच होता. पहिल्या खेपेला काय झालं ते तू त्यांना कधीच कळू दिलं नाहीस. मीही सांगितलं नाही.

शबानानं हातमोजे घालून प्लेटा उतरवल्या. पुढं तुझ्या प्रयोगशाळेत तिनं त्यांच्यावरचा पांढरा थर रसायनात सोडवला, तू शिकवलंस तसा, आतल्या धातूला धक्का न लावता. मग वजनं केली. आक्का, मुख्य गोष्ट आधी ऐक. तू बरोबर होतीस. मिठाच्या पेटीनं जी भीती घातली होती, तिच्या पासंगालाही ही झीज पुरत नाही. गगनबावड्याचा एवढा पाऊस अंगावर घेऊन तुझ्या प्लेटा ताठ परत आल्यात. मशीनवर आता ताडपत्री नाही, कव्हरं पुन्हा ओतायला घेतलीत. कारखान्यातल्या प्रत्येकाला मी हा निकाल सांगितला, ज्यांना त्यातलं काही कळत नाही त्यांना जास्त मोठ्यानं सांगितला.

मग शबानानं प्लेटांच्या दोन्ही बाजू सूक्ष्मदर्शकाखाली घेतल्या. कुठल्या बाजूचे खड्डे किती खोल हे वजनावरून कळत नाही, ते बघावंच लागतं. ती बराच वेळ बघत होती. एक प्लेट बघून झाली की दुसरी, मग पुन्हा पहिली. शेवटी म्हणाली, "काका, खालची बाजू."

माझ्या तोंडून निघूनच गेलं, "आक्का, हरलीस!" तेही केवढ्यानं, पलीकडच्या खोलीतली माणसं डोकावली. आणि मग लक्षात आलं, की आयुष्यात पहिल्यांदा मी तुझ्याशी वाद जिंकलोय आणि चिडायला तू नाहीस. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. स्मशानात रडलो नव्हतो, दहाव्याला रडलो नव्हतो. तिथं रडलो.

आत आलो तेव्हा शबाना तुझा अर्धवट लेख उघडून बसली होती. त्यात सुरुवातीलाच तू लिहून ठेवलंयस, की आमच्या अंदाजाप्रमाणे वरची बाजू अधिक झिजेल. पोरगी खाली मान घालून म्हणाली, "काका, मॅडमचा शेवटचा लेख आहे. हे एक वाक्य काढलं तर? निकाल आहे तसाच देऊ. फक्त मॅडमचा अंदाज चुकला, तेवढं दिसणार नाही."

तिचा हेतू वाईट नव्हता. तिला तुझी शान राखायची होती. आणि मला मोह झाला नाही असं म्हणणार नाही. खोटं तर काहीच लिहायचं नव्हतं. उद्या कुणी म्हणालं, बाई शेवटी चुकल्या, तर उत्तर द्यायला तू नाहीस, आणि मला उत्तर देता येत नाही, मला फक्त भांडता येतं. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. मग शबानाला म्हणालो, "वाक्य ऱ्हाऊ दे. त्याच्या खाली लिही, की तसं झालं न्हाय." तिनं लिहिलं. मग हळूच विचारलं, "खालची बाजू म्हणणाऱ्यांचं नाव घालू?" म्हणालो, "नको. त्यो नुस्ता हट्टानं बोललाता."

लेख पुरा झाल्यावर आईला वाचून दाखवला, म्हणजे मराठीत सांगितला. ती सूप पुढ्यात घेऊन तांदूळ निवडत ऐकत होती.

"म्हंजे आक्का चुकली?" तिनं विचारलं.

"एका जागी चुकली."

"आनि ते तिच्या नावानंच छापून येनार?"

"पहिलं नाव तिचंच हाय."

आईचा हात थांबला. मला वाटलं, आता नको म्हणेल.

"तिनं आधी काय म्हटलंतं, ते बी ठेवलंयस?"

"ठेवलंय."

"मग तिचंच हाय ते," आई म्हणाली.